धावतानाच तापते

सुनंदाबाईंनी ओल्या फडक्याची चौघडी रेडिएटरच्या झाकणावर ठेवली, तळव्याने दाबली आणि झाकण अर्धा आटा फिरवून त्या थांबल्या. फस्सकन वाफ बाहेर आली. तोंड बाजूला वळवून त्या मनातल्या मनात पन्नासपर्यंत आकडे म्हणू लागल्या. उरलेला अर्धा आटा पन्नासनंतरच फिरवायचा, हे चंद्रकांतरावांनी त्यांना पंचवीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. तेव्हा त्या घाई करायच्या आणि ओरडा खायच्या.

भेस्तानच्या पुढे, सचिन गावाच्या रस्त्याला त्या एकट्याच उभ्या होत्या. कापडाच्या ताक्यांनी भरलेला एक टेम्पो वेग कमी करत शेजारून गेला.

"मासी, धक्को मारवानो छे?" ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं.

"ना भाई, ठंडी थवा दो."

टेम्पो गेला. पन्नास झाले. त्यांनी झाकण काढलं आणि डिकीतल्या कॅनमधलं पाणी थोडं थोडं आत सोडलं. एकदम ओतलं तर इंजिनाचं तापलेलं बीड तडकतं, हीही त्यांचीच शिकवण.

महिन्याभरातली ही तिसरी वेळ. गाडी सत्तावन्न सालची फियाट, राखाडी रंगाची. पुढच्या फुगीर नाकामुळे या गाडीला सगळे डुक्कर फियाट म्हणत. केतकी लहानपणी नुसतंच 'आपलं डुक्कर' म्हणायची. सव्वीस वर्षांपूर्वी दवाखान्यातून ती घरी आली ती याच गाडीतून, आईच्या मांडीवर. आता ती वलसाडला सासरी होती, सातवा महिना संपत आला होता आणि गुरुवारी तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलं होतं.

"आई, टॅक्सी कर," मुंबईहून आशिषने फोनवर सांगितलं होतं. "ती गाडी म्हणजे म्युझियमचा माल आहे."

केतकीचा फोन त्यानंतर आला होता. "आई, आपल्या डुकरातून ने ना मला," एवढंच ती म्हणाली होती.

आज सोमवार, आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवून बघायला त्या निघाल्या होत्या. पोटुशी मुलगी घेऊन वाफेशेजारी हायवेवर उभं राहायचं नाही, हे सुनंदाबाईंनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. बुधवारपर्यंत जमलं नाही तर टॅक्सी. पण टॅक्सी सांगितली की गाडीवर पुन्हा ताडपत्री चढेल, आणि या वेळी ती उतरणार नाही, हेही त्यांना कळत होतं. चंद्रकांतराव गेल्यावर गाडी वर्षभर ताडपत्रीखाली होती. ती काढायलाच त्यांना इतके दिवस लागले होते.

घराजवळ, अठवा लाइन्सला, दोन गॅरेजवाल्यांनी गाडी पाहिली होती. एकाने रेडिएटर सोड्याने धुऊन दिला आणि पाईप नवे घातले. दुसऱ्याने बेल्ट बदलला, गाडी तरीही उकळल्यावर हात पुसत म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल. पंधरा दिवस धरा."

सुनंदाबाईंनी बॉनेट खाली घेतलं. समोर सचिन चार किलोमीटरवर होतं आणि मागे उधना आठ. उधन्याला धुडकू मिस्त्री होता. गाडीचं काहीही असलं की चंद्रकांतराव "धुडकूकडे जाऊन येतो" म्हणून निघत आणि जेवणं झाकून ठेवल्यावर उगवत. तो माणूस एकदाच, फार वर्षांपूर्वी, क्लच दुरुस्त करायला घरी आला होता. अंगणात गाडीखाली आडवा. त्याचे पायच काय ते सुनंदाबाईंना नीट आठवत होते.

त्यांनी गाडी वळवली आणि तीसच्या वर न जाता उधन्याकडे निघाल्या.

उधन्यात मुख्य रस्ता सोडून गल्लीत शिरलं की आधी आवाज येतो, मग घरं दिसतात. दोन्ही बाजूंना कापड विणणारी लूमखाती होती आणि शेकडो लूम एकदम खडखडत होते. जमीन पायांना जाणवेल इतकी हलत होती. चहाच्या टपरीवरची माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलत होती. धुडकू मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एका खात्याच्या भिंतीला टेकवलेलं पत्र्याचं छप्पर, मागे राहायची खोली. छपराखाली एकच स्कूटर उभी होती.

सुनंदाबाईंनी हॉर्न वाजवला. पाठमोरा बसलेला माणूस हलला नाही. त्यांनी पुन्हा वाजवला. तेव्हा खोलीच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसलेली बाई उठली आणि तिने त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला. ठेंगणा, साठीकडे आलेला, पांढरे खुंट वाढलेले, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. गाडीकडे पाहताच त्याचा सगळा चेहरा खुलला.

"साहेबनी गाडी!" तो बायकोला गावाकडच्या बोलीत म्हणाला. "दख शोभा, साहेबनी गाडी शे ना ती!"

"दखी मी," शोभाबाई म्हणाली. सुनंदाबाईंकडे न बघता, वर्षाने आठवण झाल्याचा टोमणा तिने मारला. "वरीस व्हई गयं. आते याद उनी."

धुडकूने बॉनेटवर तळवा टेकवला, चटका बसला तसा उचलला आणि पुन्हा टेकवला. फियाटची पुढची दारं उलटी उघडतात. सुनंदाबाई दार उघडून उतरल्या, तसा तो वाकून पलीकडच्या सीटकडे बघू लागला. तिथे पाण्याचा रिकामा कॅन होता.

"साहेब नाही आले?"

सुनंदाबाईंच्या कपाळावर बारीक टिकली होती. ती केतकीच्या हट्टामुळे. हातात शाळेत शिकवत असल्यापासूनच्या दोन बांगड्या होत्या. बघणाऱ्याला काही कळावं असं त्यांच्यात काही नव्हतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. भिंतीपलीकडे लूम खडखडत होते. इथे काहीही सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार होतं, आणि ही गोष्ट त्यांनी आजवर कोणालाही ओरडून सांगितली नव्हती.

"गाडी तापते," त्या ओरडून म्हणाल्या.

धुडकूने त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि मान डोलावली. "कधी तापते? उभी असताना का धावताना?"

"धावताना. गावात काही होत नाही. सिग्नलला उभी राहते, गर्दीतून जाते, काटा हलत नाही. मोकळा रस्ता लागला, पन्नास-साठचा वेग घेतला की चढायला लागतो."

"उभी असताना तापली असती तर पंखा बघितला असता." तो खुश झाल्यासारखा दिसला. "बसा बाई. गाडीनेच अर्धं सांगून टाकलं."

शोभाबाईने एक स्टूल आणून ठेवलं. पदराने पुसलं आणि ती मेथीकडे परतली.

त्याने तेलाची कांडी काढून बोटावर तेल घेतलं, चोळलं, वास घेतला. तेलात पाणी मिसळलेलं नव्हतं. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करायला सांगितलं आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत राहिला. आले नाहीत. "इंजिन खोलायचं काम नाही," तो म्हणाला. मग रेडिएटरवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे हात फिरवत गेला, तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुठे थंड डाग लागला तर तिथल्या नळ्या बुजलेल्या. तसा डागही नव्हता. "साफ केलाय. चांगला केलाय."

काम करताना तो सारखा बोलत होता. "साहेबाले सांगा, दुसऱ्याकडे गेले त्याचं काही नाही. पण बेल्ट एवढा ताठ करत नाहीत. साहेबाले माहीत आहे ते. साहेबांचा कान लई तयार. मी म्हणतो त्यांना, बँकेत कशाला गेले, माझ्याकडे यायचं होतं."

सुनंदाबाई ऐकत राहिल्या. घरी कुकरच्या शिट्ट्या तीन झाल्या की चार, हे चंद्रकांतरावांना कधी सांगता आलं नव्हतं. हा कोणा दुसऱ्याच साहेबांबद्दल बोलतोय असं त्यांना वाटलं. आणि तरी त्यांना तो थांबू नये असं वाटत होतं. 'साहेबाले सांगा', 'साहेबाले माहीत आहे', 'म्हणतो त्यांना'. तेरा महिन्यांत चंद्रकांतरावांबद्दल बोलताना घरात कोणी वर्तमानकाळाला हात लावला नव्हता.

एकाएकी लाइट गेली. आधी एका बाजूचे लूम थांबले, मग दुसऱ्या बाजूचे, आणि गल्लीत अशी शांतता पसरली की कानात दडे बसल्यासारखं झालं. टपरीवरच्या माणसांचे आवाज आपोआप खाली आले. कुठेतरी नळ ठिबकत असलेला ऐकू येऊ लागला.

"तर साहेब म्हणतात," धुडकू बॉनेटमध्ये डोकं घालून त्याच ओरडत्या आवाजात सांगत होता, "धुडकू, तू काय गाडीचा डॉक्टर नाही, सुईण आहे सुईण!"

टपरीवरच्या एकाने वळून पाहिलं. शोभाबाईचे मेथी निवडणारे हात थांबले.

सुनंदाबाईंनी चौतीस वर्षं वर्गात काढली होती. दर दोन-तीन वर्षांनी असं एखादं मूल पहिल्या बाकावर येऊन बसे, जे शब्दांकडे नाही, बाईंच्या ओठांकडे बघे. त्या पाठमोऱ्या होऊन फळ्यावर लिहू लागल्या की त्याचं बोट पुस्तकात भलत्याच ओळीवर जाई. मघाचा हॉर्न त्यांना आठवला. त्या शोभाबाईकडे बघत राहिल्या.

"चौदा वरीस लूमवर होते," शोभाबाई हळू आवाजात म्हणाली. आता हळू बोलता येत होतं. "तिथले सगळे लूम हेच दुरुस्त करत. गॅरेज टाकलं तोवर कान निम्मे गेलेले. आता पार गेले. लोकांना वाटतं, मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करतो. गिऱ्हाईक सांगतं टकटक येते, हे म्हणतात दाखवा. एकेक करून सगळे गेले." तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "साहेब येत होते तोवर यांना वाटायचं, आपण अजून मिस्त्री आहोत."

सुनंदाबाई काही बोलणार तोच धुडकूने हाक मारली. "बाई, आत बसा. ॲक्सिलरेटर दाबा. मी हात वर केला की अजून दाबा."

त्या बसल्या. इंजिनाचा आवाज चढला. धुडकूने डावा हात वर केला, तो आणखी चढला. मग तो हात तसाच हवेत राहिला आणि बोटं हळूहळू मिटली.

"या! इकडे या!" त्याने त्यांना ओढल्यासारखं बोलावलं आणि ॲक्सिलरेटरवर शोभाबाईला बसवलं. तिला ते नवीन नव्हतं. "हा खालचा पाईप. हात लावा. भिऊ नका."

सुनंदाबाईंनी वाकून रेडिएटरच्या तळातून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी पाईपवर बोटं ठेवली. कढत होता, पण सोसवत होता. इंजिन नेहमीसारखं चालू होतं तोवर पाईप गोल होता. शोभाबाईने पाय दाबला, आणि पाईप त्यांच्या बोटांखाली आत ओढला गेला, चपटा झाला, उपाशी पोट खपाटीला जावं तसा. पाय सुटला की पुन्हा गोल.

"इंजिन जोरात पळतं तसं पाणी जोरात ओढतं," धुडकू म्हणाला. "नवा पाईप मऊ आहे. ओढला की आतून चिकटतो. मग पाणीच जात नाही. गाडी थांबवून तुम्ही बघता तेव्हा हा आपला गोल, शहाण्यासारखा. कोणाला सापडणार? आवाजही करत नाही." हे शेवटचं बोलताना तो हसला. "जुन्या पाईपात स्प्रिंग असते, आत. पाईप धरून ठेवायला. ती काढलेल्या पाईपाबरोबर फेकली त्यांनी."

"मिळेल का स्प्रिंग?"

"मिळणार नाही. करू."

तो समोरच्या लूमखात्यात गेला आणि जाड पोलादी तारेचं वेटोळं घेऊन आला. बाकाला जडवलेल्या शेगड्यात एक लोखंडी नळी आवळून त्याने तार तिच्यावर गुंडाळायला घेतली. एक टोक सुनंदाबाईंना पकडीत धरायला दिलं. तार उसळी मारत होती. त्या दोन्ही हातांनी रेटून उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून घसरला, तो सावरायला हात मोकळा नव्हता. शोभाबाईने पुढे होऊन पदर उचलला. उचलताना तिची नजर त्यांच्या गळ्यावर गेली. गळ्यात एक बारीक साखळी होती, बाकी काही नव्हतं.

शोभाबाईने पदर खांद्यावर नीट ठेवला आणि हात तिथेच राहू दिला.

धुडकूचं लक्ष तारेत होतं. वेटोळी पूर्ण झाली तशी त्याने तार कापली आणि दोन्ही टोकं कानस घेऊन घासत बसला. घासून झालं की गालावर फिरवून बघायचा आणि पुन्हा घासायचा. "टोचलं तर रबर फाडेल," तो म्हणाला. "घाई केली की असंच वाटोळं होतं."

शोभाबाईने चहा आणला. सुनंदाबाईंच्या हातात कप देताना ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. लाइट अजून आली नव्हती.

"कधी?" तिने विचारलं.

"गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर."

शोभाबाईने कानस घासणाऱ्या धुडकूकडे बघितलं. मग म्हणाली, "मी नाही सांगणार, ताई. माझ्या तोंडून नको. तुम्हीच सांगा. पण काम होऊ द्या. हात लागलाय कामाला किती दिवसांनी."

गरम पाण्यात साबण कालवून, पाईप त्यात बुडवून मऊ करून, धुडकूने स्प्रिंग फिरवत फिरवत आत सरकवली. पाईप जागेवर बसवला, पट्ट्या आवळल्या, पाणी भरलं, इंजिन चालू ठेवून आतली हवा काढली. सुनंदाबाईंनी ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा त्याने पाईप मुठीत धरला होता. पाईप गोलच राहिला. एवढ्यात लाइट आली आणि सगळे लूम पुन्हा धडधडू लागले. धुडकूने ते पायांनी ओळखलं असावं, कारण त्याने खाली बघितलं.

"चला," तो म्हणाला, "सचिनपर्यंत. धावताना तापते तर धावूनच बघायचं."

तो डाव्या सीटवर बसला. कॅन त्याने मांडीवर घेतला. शोभाबाई दारात उभी होती. गाडी निघताना ती सुनंदाबाईंकडे बघून एकदाच मान हलवून आत गेली.

पांडेसरा मागे पडलं. भेस्तान मागे पडलं. मोकळा रस्ता लागला तशी सुनंदाबाईंनी गाडी पन्नासवर नेली, मग पंचावन्नवर. डॅशबोर्डखाली बसवलेला उष्णतेचा काटा मधल्या रेघेजवळ होता. धुडकू पुढे वाकून बसला होता, एक हात डॅशबोर्डवर पसरून, त्या पत्र्यातून इंजिनाचं सगळं कळतंय असा. सकाळी जिथे गाडी उकळली होती ती जागा आली आणि गेली. रस्त्यावर पाण्याचा डागही उरला नव्हता.

सचिनला पोचल्यावर गाडी थांबवायची, त्याच्याकडे तोंड करायचं आणि सांगायचं, असं सुनंदाबाईंनी मनाशी योजलं होतं. पण काय शब्द वापरायचे? बँकेतल्या लोकांना, नातेवाइकांना कळवलं होतं ते आशिषने, छापील पत्रांनी. घरी येणाऱ्यांना आधीच ठाऊक असायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांनी स्वतः हे कोणालाही सांगितलं नव्हतं. धड्याची तयारी करावी तसं एकदा म्हणून बघावं म्हणून, रस्त्यावरची नजर न हलवता, त्या बोलल्या.

"धुडकूभाऊ, साहेब गेले."

इंजिन एकसारखं चाललं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"गेल्या वर्षी, दिवाळीनंतर आठ दिवसांनी. सकाळी दाढी करत होते. मला हाक मारली, म्हणाले, पाणी गार झालंय. मी गरम पाणी घेऊन गेले तर खुर्चीत मान टाकलेली. अर्धी दाढी झाली होती. उरलेली आशिषने केली."

मागून कोणीतरी जोरात हॉर्न वाजवला. ट्रक असावा म्हणून त्यांनी वरच्या आरशात बघितलं. आरशात ट्रक नव्हता. आरसा डावीकडे वळलेला होता आणि त्यात धुडकूचे डोळे होते, त्यांच्या ओठांवर खिळलेले.

ट्रक ओव्हरटेक करून निघून गेला.

"गाडी बाजूला घ्या, बाई," धुडकू म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही.

त्यांनी गाडी कडेला घेतली. तो उतरला, बॉनेट उचललं आणि त्याच्या आड गेला. सुनंदाबाईंना बॉनेटच्या फटीतून त्याचा एक हात तेवढा दिसत होता, इंजिनाच्या कडेवर टेकलेला. त्या बसून राहिल्या. उसाची एक बैलगाडी गेली. शाळेच्या मुलांनी खच्चून भरलेली रिक्षा गेली, त्यातल्या एका मुलीने फियाटकडे बघून हात हलवला. पाईप बघायला एवढा वेळ लागत नाही, हे आता त्यांना माहीत होतं.

बॉनेट बंद झालं. तो येऊन बसला आणि दार ओढून घेतलं.

"पाईप बघत होतो. बरोबर आहे."

सुनंदाबाई सीटवर वळून पूर्ण त्याच्याकडे तोंड करून बसल्या. "मला असं सांगायचं नव्हतं. थांबून सांगणार होते."

"त्रास झाला का त्यांना?"

"नाही. काहीच नाही."

त्याने मान डोलावली. चष्मा काढला, पुसला, दोऱ्याची गाठ तपासली आणि पुन्हा चढवला. "माले वाटलं, साहेबांनी गॅरेज बदललं. शोभा म्हणायची, सगळे गेले तसे साहेबबी गेले. मी भांडायचो तिच्याशी. म्हणायचो, साहेब नाही जायचे."

"मी कळवायला हवं होतं. घरातल्या वहीतले सगळे पत्ते काढले, एकेकाला पत्र टाकलं..."

"आपला पत्ता वहीत कुठे असणार, बाई. साहेबाले रस्ता पाठ होता."

मग सुनंदाबाईंनी गाडी चालू केली. सचिनच्या फाट्यावरून वळसा घेतला आणि परतीच्या रस्त्याला साठचा वेग धरला. काटा मधल्या रेघेवर होता, तिथून हलला नाही.

"गुरुवारी वलसाडला न्यायची आहे," त्या आरशात बघून, ओठ सुटे सुटे हलवत म्हणाल्या. "मुलीला आणायचंय. बाळंतपणासाठी."

"वलसाडला? मुंबईला न्या," धुडकू म्हणाला. मग त्याने आरशाकडे हात नेला. "सरळ करून देऊ का? बसताना सवयीने फिरवला."

"असू दे. माझ्या बाजूला बाहेर आरसा आहे." जरा थांबून त्यांनी विचारलं, "सवयीने?"

"साहेब असाच ठेवायचे." त्याने हात पुन्हा डॅशबोर्डवर पसरला. 'ठेवायचे' हा शब्द सुनंदाबाईंनी ऐकला. "कानांचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. शोभालेबी उशिरा कळलं. साहेबाले कसं कळलं, माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही, मीबी बोललो नाही. एक दिवस असेच निघालो ट्रायलला, तर साहेबांनी आरसा माझ्याकडे वळवला आणि आपले सांगायला लागले. आता टॅपेट वाजतोय, आता मागून घुंईं येतंय, आता बंद झालं. गप्पा मारल्यासारखे. मी आपला हात लावून बघायचो आणि काय ते सांगायचो. लोक म्हणायचे, मिस्त्रीचा हात लई तयार."

सुनंदाबाई समोर बघत होत्या. बत्तीस वर्षं त्या या गाडीत बसल्या होत्या, चालवलीही होती, आणि त्यांना गाडीचा एकच आवाज ठाऊक होता, गाडीचा आवाज. चंद्रकांतरावांनाही आधी तेवढाच ठाऊक असणार. मग कधीतरी, कोणाला न सांगता, त्यांनी तो सुटा करून ऐकायला शिकून घेतला होता.

त्यांनी आपल्या बाजूची काच वर घेतली. वाऱ्याचा आवाज बंद झाला. मग त्या मान थोडी कलती करून बसल्या. खाली एक जाड, सलग घरघर होती, ती इंजिनाची. तिच्यावर दाराच्या पत्र्याची थरथर. आणि त्या दोन्हींच्या मध्ये, डावीकडे, काहीतरी फार बारीक.

"चिवचिव येतेय," त्या आरशात म्हणाल्या. "पुढून. डाव्या अंगाने."

धुडकू सरसावून बसला. "सारखी येते का थांबून थांबून?"

"थांबून थांबून."

"वेग वाढवल्यावर का कमी केल्यावर?"

सुनंदाबाईंनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, ऐकलं, पुन्हा दाबला, पुन्हा ऐकलं.

"वाढवल्यावर."

"बेल्ट," तो म्हणाला. "ताठ केलाय ना, म्हणून. घरी गेल्यावर जरा सैल करून देतो." त्याचे डोळे आरशातच होते. "आणखी?"

सुनंदाबाई पुन्हा कान देऊन ऐकू लागल्या.